ज्योचं लग्न कोणी ठरवलं?

वाचनाची आवड असलेल्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मराठी बायकांना लहानपणीचं सर्वांत लाडकं पुस्तक कोणतं असं विचारलं, की ‘चौघीजणी’चं नाव हमखास निघतं. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिटल वुमेन’चा हा मराठी अनुवाद शांता शेळके यांनी केला. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी, युद्धावर गेलेले वडील, काटकसरीने घर चालवणारी आई आणि शेजारच्या मोठ्या घरातला एकटा मुलगा लॉरी. बर्फ कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या आपल्याकडच्या मुलींना हे कुटुंब घरचं वाटलं. चौघींपैकी कोण व्हायला आवडेल, याचं उत्तर बहुतेकींचं एकच असे: ज्यो. झाडावर चढणारी, माळ्यावर बसून लिहिणारी, फटकन बोलून नंतर पस्तावणारी ज्यो.

लहानपणी आपण गोष्ट वाचतो. ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, किती पैशांसाठी लिहिली हे प्रश्न त्या वयात पडत नाहीत. मोठेपणी तेच पुस्तक हातात घेतलं की मात्र त्याची शिवण दिसायला लागते. कुठे लेखिकेचा हात मोकळा सुटला आहे, कुठे प्रकाशकाने टीप मारली आहे आणि कुठे वाचकांच्या हट्टापायी कापड बेतलं गेलं आहे, ते कळतं. मुलींसाठीच्या जुन्या मालिका परत वाचायच्या त्या ही शिवण पाहण्यासाठी, असं माझं मत आहे. त्यात लेखिकेपेक्षाही जास्त दिसतो तो तिच्या काळाने मुलींकडून काय मागितलं याचा हिशेब.

‘लिटल वुमेन’ही मालिकाच आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिला भाग १८६८च्या सप्टेंबर अखेरीस आला, दुसरा १८६९मध्ये. त्यानंतर १८७१मध्ये ‘लिटल मेन’ आणि १८८६मध्ये ‘ज्योज बॉइज’. म्हणजे पहिल्या पानावर पंधरा वर्षांची असलेली ज्यो शेवटच्या पुस्तकात प्रौढ बाई झालेली आहे आणि लेखिकाही तिच्याबरोबर थकत गेली आहे.

१८६८ साली लुइसा पस्तीस वर्षांची होती. वडील ब्रॉन्सन अल्कॉट विचारवंत आणि शिक्षक, मोठमोठ्या लेखकांचे स्नेही. पण घरात चार पैसे आणणं त्यांना कधी साधलं नाही. घर लुइसाच्या लेखणीवर चालायचं. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या थॉमस नाइल्स यांनी तिच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. मुलग्यांच्या साहसकथांच्या मालिका तेव्हा जोरात खपत होत्या आणि मुलींच्या बाजूला जागा रिकामी आहे हे नाइल्सनी हेरलं होतं. वडिलांचं पुस्तक छापण्याची गोष्टही या बोलण्यात होतीच. लुइसाचं मन या कामात नव्हतं. मुली आपल्याला फारशा आवडत नाहीत, बहिणी सोडल्या तर फार मुलींना आपण ओळखतही नाही, अशा अर्थाची नोंद तिने रोजनिशीत केली आहे.

मग तिने ज्यांना ओळखत होती त्यांच्यावरच लिहिलं. मेग म्हणजे थोरली ॲना, बेथ म्हणजे १८५८मध्ये बावीस वर्षांची असताना गेलेली एलिझाबेथ, एमी म्हणजे चित्रकार धाकटी मे, आणि ज्यो ती स्वतः. सुरुवातीची प्रकरणं नाइल्सना नीरस वाटली, लुइसालाही. पण नाइल्सनी ती आपल्या नात्यातल्या मुलीला वाचायला दिली आणि ती त्यात रंगून गेली. पुस्तक मुलींसाठी आहे, तर मुलींना विचारून पाहावं, एवढं या प्रकाशकाला सुचलं, याचं मला कौतुक वाटतं. हक्क विकून टाकू नका, स्वतःकडे ठेवा, हा सल्लाही त्यांनीच लुइसाला दिला. त्या एका सल्ल्याने अल्कॉट कुटुंबाची कर्जं फिटली.

पहिला भाग लग्नांशिवाय संपतो. मेगचं ठरतं, एवढंच. तो हातोहात खपला आणि वाचक मुलींची पत्रं यायला लागली. सगळ्यांचा प्रश्न एक: या मुली लग्न कोणाशी करतात? ज्यो लॉरीशीच ना? लुइसा वैतागली. बाईच्या आयुष्याचं साध्य लग्न हेच जणू, अशी चिडचिड तिने रोजनिशीत लिहून ठेवली आणि कोणाला खूश करण्यासाठी मी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही असं ठरवलं. तिला स्वतःला ज्यो लिहिती आणि अविवाहित ठेवायची होती, स्वतःसारखी. तेवढं मात्र तिला जमलं नाही. प्रकाशकाला आणि वाचकांना लग्न हवंच होतं. मग तिने एक मधला मार्ग काढला: वयाने मोठा, गबाळा, गरीब जर्मन प्राध्यापक भेअर. आज वाचताना हा भेअर मला पूर्वीइतका खटकत नाही. तो ज्योचा नवरा म्हणून पटवून घेण्यापेक्षा लेखिकेने हट्टी वाचकांना दिलेलं उत्तर म्हणून वाचला, की तो नीट कळतो. दुसऱ्या भागाचं इंग्लंडमध्ये रूढ झालेलं ‘गुड वाइव्हज’ हे नावही लुइसाने दिलेलं नाही, तिकडच्या प्रकाशकाने दिलेलं आहे. मुलींच्या पुस्तकात शेवटी चांगल्या बायका व्हायलाच हव्यात, हे बाजाराने मुखपृष्ठावरच लिहून टाकलं.

लुइसाने जे पुस्तकात घातलं नाही, ते मला आता जास्त बोलकं वाटतं. गोष्टीत वडील युद्धावर जातात आणि मुली घरी मोजे विणतात. प्रत्यक्षात अमेरिकेच्या यादवी युद्धात अल्कॉटांच्या घरातून गेली ती लुइसाच. १८६२च्या डिसेंबरात ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमधल्या लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली. सहा आठवड्यांत विषमज्वराने अंथरुणाला खिळली आणि उपचारात दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने तिची प्रकृती पुढे कायमची नाजूक राहिली, असं ती मानत असे. जखमी सैनिकांचे हात-पाय कापले जाताना पाहिलेली ही बाई मुलींच्या पुस्तकात युद्धाचा एक घोटही वाचकाला चाखू देत नाही. युद्ध गुलामगिरीवरून पेटलं होतं. तो विषयही घराच्या उंबऱ्याबाहेरच राहतो, आणि हे घर तर गुलामगिरीविरोधी चळवळीतलं.

दुसरी गाळलेली गोष्ट तिच्या लेखणीची. ज्यो पैशांसाठी सनसनाटी गोष्टी लिहिते, भेअर त्यांना नावं ठेवतो, ज्यो शरमते आणि सगळा गठ्ठा शेगडीत घालते. लुइसाने स्वतः ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने सूड, वेषांतर आणि कारस्थानी बायकांच्या कथा लिहिल्या आणि त्यांवर घर चालवलं. तिने त्या जाळल्या नाहीत. मासिकांच्या जुन्या अंकांत त्या पडून होत्या; १९४०च्या दशकात लिओना रॉस्टनबर्ग आणि मॅडलिन स्टर्न या दोन संशोधक मैत्रिणींनी त्या तिच्याच असल्याचं उजेडात आणलं. ज्योने शेगडीत घातलेला गठ्ठा वाचताना मला हे आठवतं आणि दिलासा वाटतो.

जुन्या पुस्तकांना नंतर रंगरंगोटी होते, हा या वाचनातला आणखी एक धडा. आज जगभर बहुतेक ठिकाणी वाचला जातो तो ‘लिटल वुमेन’चा १८८०चा सुधारलेला पाठ. त्या वेळी रॉबर्ट्स ब्रदर्सने दोन्ही भाग एकत्र काढले आणि भाषा गुळगुळीत केली. मूळ आवृत्तीतली आई जाडसर, दिसायला सर्वसाधारण आहे. १८८०मध्ये ती उदात्त चेहऱ्याची झाली. लॉरीचं नाक मुळात लांब होतं, ते देखणं झालं. तो ज्योच्या उंचीचा होता, तो तिच्यापेक्षा उंच झाला. ज्योच्या तोंडची रांगडी बोलीही बरीच चाळली गेली. नायक नायिकेपेक्षा दोन बोटं उंच असलाच पाहिजे, हे कोणाला तरी इतकं महत्त्वाचं वाटलं! मूळ आवृत्ती आता पुन्हा छापली जाते आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचणं हा मोठा आनंद आहे.

विसाव्या शतकात हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालं. नॅन्सी ड्रू ही गुप्तहेर मुलगी १९३०मध्ये आली. मुखपृष्ठावरची कॅरोलिन कीन ही बाई अस्तित्वातच नव्हती. एडवर्ड स्ट्रेटमायर यांची कंपनी कथानकं आखून द्यायची आणि ठरावीक मोबदल्यावर लेखकांकडून पुस्तकं लिहून घ्यायची. सुरुवातीची बहुतेक पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन या पत्रकार बाईने लिहिली आणि कराराप्रमाणे कित्येक वर्षं मौन पाळलं. १९५९पासून कंपनीने जुनी पुस्तकं नव्याने लिहून घेतली. कृष्णवर्णीय आणि परदेशी पात्रांबद्दलचे ओंगळ उल्लेख त्यातून गेले, आणि ते जायलाच हवे होते. पण त्याच हाताने नॅन्सीचा तापटपणा आणि मोठ्यांना न जुमानणंही गेलं. सोळा वर्षांची नॅन्सी अठरा वर्षांची आणि शहाणी झाली. एक डाग पुसताना मुलीचा कणाही घासला गेला, असं मला वाटतं. म्हणून जुनी पुस्तकं जशी आहेत तशी छापावीत आणि शेजारी मोठं माणूस बसून बोलावं, या बाजूची मी आहे.

हे बोलणं कसं होतं, ते आमच्याकडचं सांगते. कुडवा हे गोंदिया शहराला इतकं लागून आहे की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे लागतं ते नवख्याला कळत नाही. आसपास राइस मिल, पलीकडे धानाची बांधी. घरात पोवारी नाहीतर झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. सुट्टीच्या दिवशी आठवी-नववीच्या काही मुली माझ्याकडे वाचायला येतात. धानकापणीच्या दिवसांत त्यांची संख्या कमी होते, कारण घरी हात लागतात. त्यांच्याबरोबर ‘चौघीजणी’ वाचायला घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं की नाताळ, चर्च आणि बर्फ यांतच त्या अडखळतील. त्यांनी त्याची फिकीरच केली नाही. त्या थांबल्या ते पैशांपाशी.

पैसा या पुस्तकात पानोपानी आहे आणि मी लहानपणी तो पाहिलाच नव्हता. मेग लोकांच्या मुलांना शिकवायला जाते, ज्यो कुरकुऱ्या म्हाताऱ्या आत्याची सोबत करते, दोघी कमाई घरात देतात. पुढे मेग लग्नानंतर पन्नास डॉलरचं रेशमी कापड घेते आणि नवरा काही न बोलता स्वतःचा नवा ओव्हरकोट रद्द करतो. ज्योला गोष्टीच्या स्पर्धेत शंभर डॉलरचं बक्षीस मिळतं आणि ती बेथला आईबरोबर समुद्रावर हवापालटाला पाठवते. ज्यांच्या आया बिड्या वळतात किंवा मिलमध्ये मजुरीला जातात, त्या मुलींना हे आकडे अक्षरशः दिसतात. पैसे कोणी कमावले, कोणी खर्च केले आणि कोणाला विचारून, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मार्च कुटुंब गरीब आहे, पण त्यांच्याकडे स्वयंपाकाला हॅना आहे, हेही एका मुलीने लगेच हेरलं. हॅनाला किती मिळायचे, असं तिने विचारलं. पुस्तकात त्याचं उत्तर नाही. मी इतक्या वेळा हे पुस्तक वाचलं, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

लिंबांच्या प्रकरणात मात्र सगळ्या खुलल्या. एमीच्या शाळेत मिठात मुरवलेल्या लिंबांचं वेड आहे. मैत्री, रुसवे, उधारी, सगळं लिंबांवर चालतं. उधारी फेडण्यासाठी एमी लिंबं घेऊन येते. मास्तरांनी त्यांवर बंदी घातलेली असते. चुगली होते, लिंबं खिडकीबाहेर जातात, हातावर छड्या बसतात आणि तिला वर्गासमोर उभं केलं जातं. आई तिला शाळेतून काढून घेते, कारण मुलांना मारणं तिला मान्य नाही. मात्र एमीचीही कानउघाडणी करते. १८६८च्या पुस्तकात एक आई हे करते. आपल्याकडे शाळेत मारण्यावर देशभर कायद्याने बंदी आली ती २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने. हे सांगितल्यावर खोलीत जो गलका झाला त्यात प्रत्येकीकडे सांगण्यासारखी एक गोष्ट होती. त्या त्यांच्याच राहू देत.

खरा वाद झाला तो हस्तलिखितावरून. ज्योने नाटकाला नेलं नाही म्हणून एमी तिची गोष्टींची वही जाळते. ज्यो माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी एमी बर्फात पडून बुडता बुडता वाचते, आणि आई ज्योला राग आवरायला शिकवते. मीही रोज रागावते, पण चाळीस वर्षं तो आवरते आहे, असं ती सांगते. लहानपणी मला हे फार सुंदर वाटलं होतं. आज वाचताना त्यातली मेख दिसते: चूक एमीची, आणि धडा ज्योला. मुलींनी तर साफ सांगितलं की एमीने वही परत लिहून द्यायला हवी होती. पण त्याच उताऱ्यात एका चांगल्या आईने आपण रोज रागावतो असं मुलीसमोर कबूल केलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या पुस्तकात हे धाडस आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. एक ठेवून दुसरी फेकता येत नाही, म्हणूनच हे पान दीर्घकाळ टिकलं.

बेथबद्दल मी मुलींशी मतभेद ठेवून आहे. त्यांना ती आवडते. मला तिच्यावरचा लेखिकेचा जीव कळतो, पण काही मागायचं नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही आणि मुकाट्याने विझायचं, हा आदर्श मुलींपुढे ठेवलेला मला आता सोसत नाही. ती शेजारच्या गरीब हमेल कुटुंबाच्या तान्ह्या बाळाची शुश्रूषा करायला जाते, कारण बाकीच्या बहिणी कंटाळा करतात, आणि तिथून लाल तापाची लागण घेऊन येते. घरातलं नकोसं काम नेहमी त्या एकीच्याच वाट्याला का येतं, हे विचारायला पुस्तकात कोणी नाही.

आता केसांची गोष्ट, कारण मराठी वाचकाला ती वेगळीच लागते. वडील आजारी पडल्याची तार येते, आईला वॉशिंग्टनला जायचं असतं, पैसे नसतात. ज्यो बाहेर जाते आणि पंचवीस डॉलर घेऊन परत येते. डोक्यावरची टोपी काढते तेव्हा घरच्यांना कळतं की तिने आपले केस विकले आहेत. सगळ्यांसमोर ती हसते आणि रात्री अंथरुणात रडते. दोन वेण्या, लाल रिबिनी बांधून बसलेल्या माझ्या वाचक मुली या ठिकाणी गप्प झाल्या.

आपल्याकडे हरी नारायण आपटे यांनी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहायला घेतली. ‘लिटल वुमेन’नंतर अवघ्या बावीस वर्षांनी. तिची निवेदक यमू ही मराठी कादंबरीतली, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं लहानपण सांगणारी पहिली मोठी मुलगी. तिलाही भाऊ आहे, मैत्रीण आहे, शिकण्याची हौस आहे. तिचेही केस जातात. नवरा वारल्यावर तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं. एकीने स्वतःच्या मर्जीने विकलेले केस आणि दुसरीचे बळाने काढलेले. या दोन प्रसंगांच्या मध्ये त्या काळातलं अमेरिकन आणि मराठी मुलीचं सगळं अंतर आहे. यमूची गोष्ट मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली, समाजाला जाग आणण्यासाठी. तिला मुलींचं पुस्तक म्हणता येणार नाही. पण ‘चौघीजणी’ वाचून झालेल्या मुलीच्या हातात पुढे कधीतरी यमू यावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि आता मालिकेचं शेवटचं टोक. ‘लिटल मेन’मध्ये ज्यो आणि भेअर प्लमफील्ड नावाची निवासी शाळा चालवतात. तिथे नॅन नावाची दांडगट मुलगी येते. ‘ज्योज बॉइज’मध्ये ती वैद्यकशास्त्र शिकलेली आहे. लहानपणापासून मागे लागलेल्या टॉमला ती शेवटपर्यंत नकार देते, डॉक्टर होते आणि अविवाहित राहते, सुखात आणि कामात. म्हणजे १८६९मध्ये ज्योच्या बाबतीत जे लुइसाला करू दिलं गेलं नाही, ते तिने १८८६मध्ये नॅनच्या बाबतीत केलंच. नॅनचं हे उत्तर वाचण्यासाठी मालिका शेवटपर्यंत वाचावी लागते. पहिल्या दोन भागांवर थांबणाऱ्या वाचकाच्या हाती अर्धीच लुइसा लागते.

‘ज्योज बॉइज’ प्रकाशित झालं त्याच १८८६ सालच्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. लुइसाचा जन्म १८३२ला झाला तो जर्मनटाउनमध्ये, आणि जर्मनटाउन हा आता फिलाडेल्फियाचाच भाग आहे. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत गेलेलं मूल, आणि त्या दुःखातून उचललेला डॉक्टर होण्याचा ध्यास. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांचं इंग्रजी चरित्र बॉस्टनच्या कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलं आणि ते १८८८मध्ये प्रकाशित केलं रॉबर्ट्स ब्रदर्सने. होय, त्याच रॉबर्ट्स ब्रदर्सने. त्याच वर्षी ६ मार्चला, वडिलांच्या मागोमाग दोन दिवसांनी, लुइसाही गेली. कल्पनेतली डॉक्टर नॅन आणि कल्याणची खरी डॉक्टर आनंदी दोन वर्षांच्या अंतराने एकाच प्रकाशकाच्या यादीत आल्या. मला हे कळलं तेव्हा मी ते लगेच मुलींना सांगितलं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने शाळेत येणाऱ्या एका मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. दोघींपैकी कोणाबद्दल आधी वाचू, असं तिने विचारलं.

मराठीत मुलींची स्वतःची मालिका का उभी राहिली नाही, हा प्रश्न यातून निघतोच. मुलग्यांकडे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ होता, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा ‘फास्टर फेणे’ होता, पुढे दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आला. पुस्तकामागून पुस्तक, तोच नायक, नवी भानगड. मुलींनीही ही पुस्तकं जीव लावून वाचली, सायकलवरून बनेश फेणेबरोबर त्याही भटकल्या. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ लिहिली, पण चिंगीचं नाव गोट्याइतकं घरोघर गेलं नाही. बारा-तेरा वर्षांची मराठी मुलगी नायिका आहे आणि ती वाचकाबरोबर पुस्तकामागून पुस्तक मोठी होते आहे, असं हाताला फार थोडं लागतं. कारण शोधायला लांब जायला नको. मालिका चालायची तर नायिकेने घराबाहेर पडायला हवं, उशिरा परतायला हवं, तिच्या भानगडी तिने स्वतः निस्तरायला हव्यात. आणि आपल्या लेखकांच्या, पालकांच्या, कदाचित संपादकांच्याही मनात बारा-तेराव्या वर्षानंतर मुलगी बाहेर पडणं थांबत होतं. त्या रिकाम्या जागेत शांताबाईंचा अनुवाद येऊन बसला आणि परक्या देशातली ज्यो आपल्या मुलींची झाली. शांताबाई काही काळ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये शिकवायला होत्या, म्हणून विदर्भातल्या आम्हा वाचकांना त्यांच्याबद्दल थोडी जास्तच आपुलकी. ती जागा भरताना त्यांनी किती मोठं काम केलं, याची दखल बालसाहित्याच्या चर्चेत पुरेशी घेतली जात नाही, ही माझी तक्रार आहे.

कोणाला घरातल्या मुलीबरोबर हे वाचायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. संक्षेप करताना पहिल्यांदा कापली जातात ती पैशांची, भांडणांची आणि कंटाळ्याची पानं, आणि मुलींना बोलायला लावतात तीच पानं. इंग्रजी वाचता येत असेल तर चारही पुस्तकांचे हक्क केव्हाच संपलेले आहेत, ती मोफत मिळतात. ज्यो लग्न करते तिथे मुलगी चिडली तर तिला लुइसाच्या रोजनिशीबद्दल सांगा. आमच्या कुडव्याच्या मुलींना सांगितलं, तेव्हा मग तुम्ही आम्हाला पुढचं वाचून दाखवा अशी मागणी आली. म्हणून सध्या ‘लिटल मेन’चं एकेक प्रकरण मी बोलता बोलता मराठीत करून वाचते आहे. नॅन सातव्या प्रकरणात येते, आणि मधली प्रकरणं गाळायची नाहीत असं मुलींनीच ठरवलं आहे.